अकराव्या भागातली मुलगी

“आज तरी मी येणार का गं?” सुंद्राआत्यानं माझ्या कानाशी लागून विचारलं.

मी तिला हातानंच गप्प केलं. निंबाळकरांच्या सोप्यात चाळीस-पन्नास माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि ‘नऊ पानं’चा चौथा भाग नुकताच सुरू झाला होता. पडद्यावर कंदिलाच्या उजेडात एका ओळीत नऊ पितळ्या मांडलेल्या. डोक्यावरून पदर घेतलेली माई प्रत्येकीत भाकरीचा चतकोर ठेवत चाललेली. मागं सतार वाजत होती. कोष्ट्याच्या घरात सतार कुठून आली हे विचारायची सोय नव्हती, कारण आसपासच्या बायका पहिल्याच पितळीपासून डोळे पुसायला लागल्या होत्या.

“नऊच हायेत,” आत्या म्हणाली. “आमी धा हुतो.”

ही १९८८ सालची गोष्ट. दर रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. एकोणीसशे एकतीसची मंदी, कापडाला गिऱ्हाईक नाही, माग बंद पडलेले, आणि त्यात तगून राहिलेलं इचलकरंजीचं एक कोष्ट्याचं घर. वर्तमानपत्रात ‘एका कुटुंबाची खरी हकिगत’ असं छापून आलं होतं. ते कुटुंब म्हणजे आम्ही, मकोटे. मालिका लिहिली होती माझ्या चुलतभावानं, प्रभाकरनं. पडद्यावरची माई म्हणजे आमची आजी. तिच्या मांडीवर झोपणारा सहा वर्षांचा गोंडस पोरगा म्हणजे माझे बाबा. घरातलं मांजरसुद्धा मालिकेत होतं. नव्हती फक्त आत्या, बाबांची थोरली बहीण, जी त्या वेळी बारा वर्षांची होती.

मी तेव्हा माळेवाडीच्या हायस्कुलात शिक्षिका होते. आत्याचं सासर त्याच गावात, माझ्या खोलीपासून चार गल्ल्यांवर. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी बजावलं होतं, नोकरी खुशाल कर, पण तिच्या घरचं पाणी पिऊ नकोस. मी दुसऱ्याच आठवड्यात पाणी प्यायले आणि तिसऱ्या आठवड्यापासून जेवायलाही जायला लागले. माझा स्वभावच तसा, नको म्हटलं की हात तिकडंच जातो.

बाबांच्या रागाचं कारण आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. मंदीत सगळे माग बंद असताना एका व्यापाऱ्यानं आजोबांना एका ताण्याचं सूत दिलं, आणि सोबत खळीसाठी जोंधळ्याचं पीठ. विणण्याआधी सुताला पिठाची खळ पाजावी लागते, तरच ते मागावर ताण सोसतं. ते पीठ आत्यानं चोरून खाल्लं. उरलेल्या चिमूटभर पिठाची खळ पाण्यासारखी झाली, सूत मागावर तटातट तुटलं, आणि व्यापाऱ्यानं आम्हाला दार बंद केलं. पुढची चार वर्षं घरानं लोकांच्या मागांवर मजुरी केली. महिन्याभरात आत्याला माळेवाडीच्या एका बिजवराला देऊन टाकलं. त्यानंतर तिला माहेरी न्यायला कधीही कुणी मुराळी आला नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही, आजोबा गेले तेव्हा नाही, आजी गेली तेव्हाही नाही. सत्तावन्न वर्षं.

एवढं होऊनही आत्या मालिकेची वाट बघत होती. दर रविवारी धुतलेलं लुगडं नेसून ती पहिल्या रांगेत येऊन बसायची. मला वाटायचं, म्हातारीला हौस आहे. कुणीतरी मोजतंय आपल्याला, एवढं बघायचं असेल. आठवा भाग संपला तरी तिचा पत्ता नाही म्हटल्यावर माझंच डोकं फिरलं. प्रभाकरला तीन पत्रं टाकली होती, एकाचंही उत्तर नव्हतं. चित्रीकरण कोल्हापुरात चालू होतं. एका दिवसाची रजा टाकून मी एसटीत बसले.

तिथं जाऊन बघते तर माग चौथऱ्यावर मांडलेला. आमचा खड्डामाग, विणकराचे पाय खड्ड्यात असतात तेव्हा तो चालतो. इथं पडद्यावरचे आजोबा खुर्चीवर बसल्यासारखे बसून धोटा फेकत होते, आणि धोटा दर वेळी खाली पडत होता. मी प्रभाकरला ते दाखवलं. तो म्हणाला, पाय दिसले की माणूस उठावदार दिसतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी दुसऱ्या कामासाठी आले होते.

“आत्या कुठं आहे?” मी विचारलं.

“कुंदा, लोकांना अशा घरात चोर बघायचा नसतो,” प्रभाकर म्हणाला. “आणि मी ते गाळलं यात आत्याचीच अब्रू राखली. तूच विचार कर.”

मी म्हटलं, तिला अब्रू नकोय, तिला यायचंय. त्यावर त्यानं अडचणींचा पाढा वाचला. भाग तेराच, नटी नवी शोधायची, कपडे शिवायचे, आधीच्या भागांत मुलगी नाही तर आता आणायची कुठून. मी प्रत्येक गोष्टीला तोंड देत होते आणि तो घड्याळ बघत होता. शेवटी घोडं पुढं गेलं ते दिग्दर्शकामुळं. तो चहा पीत पीत ऐकत होता. मुलगी, पीठ, मोडलेला ताणा हे ऐकून त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, हे चांगलं आहे, अकराव्या भागात काहीच घडत नाही, तिथं घालू. मामाकडं राहायला होती, परत आली, असं दाखवू. मी खरं काय घडलं ते लिहून पाठवते म्हणाले. प्रभाकरनं मान हलवली.

मी लढाई जिंकल्यासारखी माळेवाडीला परतले. आज आठवलं तरी माझीच मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही-पेन घेऊन आत्याकडं गेले. ती पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. बातमी सांगितली तर तिचे हात थांबले.

“गणू बघंल न्हवं?” तिनं विचारलं. गणू म्हणजे माझे बाबा.

बघतात की, एक भाग चुकवत नाहीत, असं मी सांगितलं.

“मग लिही,” ती म्हणाली आणि सांगायला लागली. सुरुवातीला सगळं मला ठाऊक असलेलंच होतं. मी लिहीत होते, तीही शेंगा फोडत होती. मग तिनं पिठाची गोष्ट काढली. खळीचं पीठ आलं की आजी ते मागापुढं ठेवून त्याला कुंकू लावायची. त्यानंतर ते तिच्याशिवाय कुणी शिवायचं नाही. न्हाण आलेल्या पोरीनं तर नाहीच, तिचा हात लागला की सूत तुटतं अशी आमच्या घरात समजूत. पिठाचं मडकं आजीच्या उशाला असायचं.

“मग तू घेतलंस कसं?” मी विचारलं.

“मी कुठं घेतलं?”

मी पेन खाली ठेवलं.

“गणू तीन दिस रडत हुता भुकंनं,” आत्या म्हणाली. “चवथ्या दिशी त्यो रडायचा थांबला. निस्ता आढ्याकडं बघत पडला. तवा आई उठली, मडकं घेतलं आनि भाकऱ्या थापल्या.”

“त्या भाकऱ्या?” मी म्हटलं. “दुसऱ्या भागातल्या?”

“त्याच की.”

ही दुसरी गोष्टही आमच्या घरात शेंबड्या पोराला पाठ होती. ऐन उपासमारीत एके दिवशी आजीनं कुठूनतरी पीठ पैदा केलं आणि सगळ्या लेकरांना गरम भाकऱ्या घातल्या. बाबा ती गोष्ट सांगताना दर वेळी गहिवरायचे. त्यांनीच ती प्रभाकरला सांगितली आणि दुसऱ्या भागात ती बघून अख्खा महाराष्ट्र रडला. आजीची पुण्याई आणि आत्याची चोरी, दोन्ही गोष्टी एकाच घरात सत्तावन्न वर्षं नांदत होत्या आणि एकीला दुसरीशेजारी ठेवून बघायची बुद्धी कुणाला झाली नव्हती. मी इतिहास शिकवायचे. मलाही नाही.

पुढचं आत्यानं थोडक्यात सांगितलं. आजोबा त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. आजी त्या दिवशी जेवली नाही. आत्यानं आपल्या वाट्याला आलेली अर्धी भाकरी गणूला दिली. चार दिवसांनी ताणा तुटला, आजोबांनी पीठ कुणी खाल्लं म्हणून विचारलं, आणि आजी म्हणाली, सुंद्रीनं.

“आणि तू काहीच बोलली नाहीस?”

“आई माझ्याकडं बघत हुती,” आत्या म्हणाली.

मग इतकी वर्षं का गप्प बसलीस, असं मी जरा चिडूनच विचारलं. ती म्हणाली, आई होती तोवर बोलायची सोय नव्हती आणि ती गेल्यावर बोलणं म्हणजे मेलेल्या माणसावर घालणं झालं असतं. टीव्हीचं तसं नाही. तिथं कुणी कुणावर घालत नाही, घडलं ते नुसतं दाखवतात. गणूला बघायला मिळेल, तिला काही बोलावं लागणार नाही. इतका विश्वास मी आयुष्यात कुणी कशावर ठेवलेला पाहिला नाही, आणि तो तिनं प्रभाकरवर ठेवला होता.

मी सात पानं लिहून रजिस्टरनं पाठवली. पोहोच परत आली, तिच्यावर प्रभाकरची सही होती.

अकरावा भाग लागला त्या संध्याकाळी आत्यानं मला मुद्दाम लवकर नेलं. परकरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी पडद्यावर आली, तशी आत्या सरसावून बसली. मुलगी इकडंतिकडं बघत आत गेली. तिनं मडक्यात हात घातला. मूठभर पीठ कोरडंच तोंडात कोंबलं, ठसका लागला, ओठ पांढरे झाले. दारात माई उभी. मुलगी तिच्या पायांवर कोसळली. माईनं तिला उठवलं, पदरानं तोंड पुसलं आणि छातीशी धरलं. “तू नाही गं चुकलीस, भूक चुकली,” असं काहीतरी माई म्हणाली आणि सतार सुरू झाली.

सोप्यात हुंदक्यांशिवाय आवाज नव्हता. मग निंबाळकरांच्या सासूबाईंनी मागून येऊन आत्याच्या पाठीवर हात ठेवला. ही तुमच्याच घरची गोष्ट न्हवं, म्हणाल्या. लहानपणी हुतंच असं, मनाला लावून घिऊ नगा. मग दुसरी एक आली, मग तिसरी. एकीनं तर आत्याचे पाय धरले. इचलकरंजीत ती चोर होती, पण माळेवाडीत त्या दिवसापर्यंत कुणाला काही ठाऊक नव्हतं. सावत्र मुलगा म्हादू तिला देवासारखा मानायचा, तोही एका खांबाशी मान खाली घालून उभा होता. हे सगळं मी घडवून आणलं होतं, रजा टाकून, एसटीचे धक्के खाऊन.

आत्या जाहिराती लागेपर्यंत बसून राहिली. मग पदर सावरून उठली. “पोरगी चांगली हुती,” एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

प्रभाकरला मी जे पत्र लिहिलं ते इथं देण्यासारखं नाही. त्याचं मात्र लगेच उत्तर आलं, पोस्टकार्डावर. आजी हे मालिकेचं काळीज आहे, त्याला हात लावता येत नाही. तुझं काम तर झालं ना, आत्या आली. वर त्यानं इचलकरंजीत त्याचा सत्कार ठरल्याचंही कळवलं होतं. विषय होता, विणकरांचा खरा इतिहास. मी ते कार्ड फाडलं आणि नंतर तुकडे जुळवून पुन्हा वाचलं, इतकी मी चडफडत होते.

आणि ते कार्ड यायच्या आधीच, भाग लागल्यानंतरच्या बुधवारी सकाळी, बाबा आले.

मी शाळेला निघायच्या बेतात होते तर बाबा दारात उभे. धोतर, कोट, डोक्याला टोपी आणि काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. डोळे सुजलेले दिसत होते. “अक्काच्या घरला चल,” म्हणाले. वाटेत त्यांनी सांगितलं की रविवारपासून त्यांना झोप नाही. आईनं तिला माफ केलं होतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी भर रस्त्यात थांबून म्हटलं, बाबा, ते खरं नाही, आत्यानं पीठ खाल्लंच नव्हतं. ते माझ्याकडं शाळेतल्या ढ मुलीकडं बघावं तसं बघायला लागले. “टीव्हीवर दाखवलं की,” म्हणाले आणि पुढं चालायला लागले. मी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. त्यांनी मला आवाज चढवायला लाज वाटत नाही का असं विचारलं.

आत्या पडवीत होती. सत्तावन्न वर्षांनी भावाला बघून ती गडबडून जाईल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त घोंगडं अंथरलं आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. बाबा बसले. लुगडं मांडीवर ठेवून बराच वेळ त्याच्या कागदाच्या घड्या सारख्या करत राहिले.

“अक्का, आईनं तुला माफ केलंतं,” शेवटी ते म्हणाले. “मग मी कोन लागून गेलो? मीबी केलं. झालं गेलं इसरून जा.”

मी आत्याकडं बघितलं. घे, असं एक मन म्हणत होतं, आयुष्यभर वाट बघितलीस, कशीही का असेना घे. दुसऱ्या मनाला बाबांच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटत होता.

“लुगडं ठेव,” आत्या म्हणाली. “माफी माघारी ने.”

बाबांना आपण काय ऐकलं ते कळेना. मग त्यांना राग आला. एवढ्या लांबून आलो, मोठ्या मनानं आलो, आणि हिचा ताठा अजून तसाच, असं ते माझ्याकडं बघून बोलायला लागले. आत्यानं त्यांना पुरतं बोलू दिलं, मग म्हणाली, पीठ मी खाल्लंच न्हाई.

“मग पीठ खाल्लं कुनी?” त्यांनी विचारलं.

“तू,” आत्या म्हणाली.

बाबांनी मांडीवरचं लुगडं घोंगड्यावर ठेवलं.

“तू आनि धाकट्यांनी. मी न्हाई, आईबी न्हाई. ती उपाशी ऱ्हायली, खोटं कशाला बोलू? तू तीन दिस रडत हुतास आनि मग रडायचा थांबलास, म्हनून तिनं भाकरी थापली.”

“आई असं दुसऱ्याच्या नावावर घालायची न्हाई,” बाबा म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

“घातलं. मला गाडीत बसिवताना कानात म्हनली, सुंद्रे, माझं नाव आलं असतं तर ह्यांनी मला हाकललं असतं, मग बारक्यांकडं कुनी बघितलं असतं? तुला सासरी खायाला तरी मिळंल.” आत्यानं तांब्या उचलून बाजूला ठेवला. “तिचं काय चुकलं असं मी म्हनत न्हाई. पर मला तिनं इचारलं न्हवतं, गणू. निस्तं सांगितलं.”

बाबा उठले. लुगडं घोंगड्यावर तसंच टाकून चपला घालून चालायला लागले. मी मागं धावले. ते थेट स्टँडवर गेले. बाकड्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं. तीन आठवडे झाले, मी म्हटलं. रस्त्यात तुम्हाला तेच सांगत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, त्या भाकरीला कुंकू लागलं होतं. कडेला लाल होती. मला वाटायचं, आईच्या हाताचं असेल.

इचलकरंजीची गाडी आली, भरली आणि गेली. बाबा बाकड्यावरच बसून होते. मी शाळेचं नाव काढलं नाही. अर्ध्या तासानं ते उठले आणि मला न विचारता उलट्या दिशेनं चालायला लागले.

आत्याच्या दारात ते आत न जाता उभे राहिले. “अक्का, चूक झाली,” म्हणाले. “घरला चल. मी मुराळी आलोय तुझा.”

आत्या चुलीपुढं होती. तिनं त्यांना आत बोलावलं, जेवायला वाढलं, ते जेवेपर्यंत समोर बसली. जेवण झाल्यावर म्हणाली, आज नाही जमायचं, म्हैस व्यायला झालीय. बाबा पुढच्या बुधवारी आले. म्हैस व्याली होती, पण म्हादूची बायको माहेरी गेली होती. त्याच्या पुढच्या बुधवारी बाबा भाड्याची गाडीच घेऊन आले, तर आत्याचं डोकं दुखत होतं. बिचारे रिकामी गाडी घेऊन परत गेले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कामातून गेलेले, आणि वर तोंडातून एक शब्द काढायची चोरी.

ती गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझा संयम सुटला. मी आत्याला म्हटलं, अगं, सगळा जन्म ज्याची वाट बघितलीस तो दारात येतोय, आणि तू म्हशीच्या गोष्टी सांगतेस? पुढच्या वेळी नाही आले तर काय करशील?

“यील त्यो,” आत्या म्हणाली. कोनाड्यातून तिनं बाबांनी आणलेलं लुगडं काढलं, अजून घडी मोडली नव्हती. पदराचं सूत बोटांत धरून बघितलं आणि पुन्हा नीट ठेवलं.

“रुसायला माहेर लागतं, कुंदे,” ती म्हणाली. “आत्ता कुठं मिळालंय. जरा रुसू दे की मला.”